चटई अंगावर असेपर्यंत

कचऱ्याचा डबा मागे कलंडवून लांगी तो रस्त्याकडे ढकलत होती. घराच्या कोपऱ्यावर वळताच तिला तो थांबवावा लागला. पुढच्या गवतावर माणसे बसली होती. सगळी मांडी घालून, माना खाली. सगळ्यांत पुढे एकटा बसलेला माणूस डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत चटईखाली झाकलेला होता. केवड्याच्या पातीची, कापडासारखी मऊ, बारीक विणीची चटई. तिची लाल पिसांची किनार गवताला टेकून ओली झाली होती.

जून महिना, म्हणजे इकडचा हिवाळा होता, आणि मांगेऱ्याच्या उपनगरात अजून नीट उजाडले नव्हते. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात चटईच्या एका कडेखालून वाफ बाहेर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. तोंड तिथे असणार. लांगीने ती वाफ थोडा वेळ पाहिली. श्वास उथळ होते आणि फार जवळजवळ येत होते. खाली कोणीतरी म्हातारे माणूस होते.

तिने डबा तिथेच उभा केला आणि मागच्या दाराने आत गेली.

"आई, दारात इफोंगा आलाय."

सुलू कोको ढवळत होती. तिचा हात थांबला.

"कुणाचा?"

"फेरेतीच्या घराण्याचा."

सुलूने गॅस बंद केला, लुंगीची गाठ सारखी केली आणि पडद्याची कड बोटभर सरकवून बाहेर पाहिले. गावी, सामोआतल्या सवाई बेटावर, ती लहान असताना तिने इफोंगा पाहिला होता. कुणाच्या हातून रक्त सांडले, कुणाच्या मुलीची अब्रू गेली, की अपराध्याच्या घराण्याचा माताई, म्हणजे कुळाचा प्रमुख, पहाटे चटई पांघरून समोरच्यांच्या दारात येऊन बसे. घरातल्यांनी चटई उचलली की माफी झाली. मग त्या गोष्टीचा उच्चारही करायचा नाही, ना चर्चमध्ये, ना कचेरीत. चटई उचलली नाही, तर खालच्याने बसून राहायचे. जुन्या काळी चटईवर कुऱ्हाडही पडे, आणि ती पडू शकते हे ठाऊक असूनच माणूस खाली बसे.

"पुढं कोण बसलंय?"

"बघायचं नसतं ना."

"खांद्यांवरून उएले माताई वाटतात, फेरेतीचे काका," सुलू म्हणाली. "त्यांची छाती चांगली नाही. हे काय वय आहे का ओल्यात बसायचं." तिने पडदा सोडला. "जा. उचल."

लांगी खुर्चीवर बसून गमबूट काढू लागली. एक निघाला, दुसरा अडकला. तिने तो ओढला नाही, तशीच बसून राहिली.

"मला दहाला व्हिसाच्या कचेरीत जबाब द्यायला जायचंय, आई."

"आता कशाला? ते आलेत ना दारात."

"म्हणूनच आलेत. आज दहाला जायचंय म्हणूनच आलेत."

फेरेती दर शनिवारी चर्चच्या सभागृहात टेबल मांडून बसे. परदेशातून आलेल्यांची कागदपत्रे करून द्यायला या देशात परवाना लागतो. तो त्याच्याकडे नव्हता. त्याच्याकडे इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, गोड आवाज होता, आणि लोकांनी पासपोर्ट आणून दिला की त्यावर तळहात ठेवून डोळे मिटून प्रार्थना करण्याची पद्धत होती. लांगीचा धाकटा भाऊ एती कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होता. व्हिसा संपत आला तेव्हा तोही त्या टेबलाशी गेला. फेरेतीने प्रार्थना केली आणि सांगितले की फाइल आत गेली. महिने गेले. एतीने भीत भीत विचारले, तेव्हा फेरेती रागावलाही नाही. म्हणाला, "फाइल आत आहे, भावा. मध्येच विचारू नये. माताई विचार करत बसलेले असताना तू जाऊन दार वाजवतोस का? मग? कचेरीचंही तसंच असतं. अपमान होतो."

एतीने दार वाजवले नाही. कोणीच वाजवले नाही. गोऱ्या माणसाने पहिल्याच महिन्यात फोन करकरून डोके खाल्ले असते. पण थोरांना दोनदा विचारायचे नाही हे यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेले होते, आणि आपण कोणत्या लोकांत धंदा करतो आहोत हे फेरेतीला पुरते ठाऊक होते. फाइल आत नव्हती. फाइलच नव्हती. एके सकाळी एतीला कारखान्याच्या फाटकातून उचलले, पायांतल्या रबरी बुटांसकट. कोठडीत त्याला पांघरूण मागायचीही लाज वाटली होती. आता तो सवाईला नारळ सोलत होता, आणि पुढची कित्येक वर्षे त्याला इकडे यायची बंदी होती. फोनवर तो फक्त हवा कशी आहे ते विचारी.

फसलेली घरे बरीच होती. पण त्यांच्याकडे कागद नव्हते, म्हणूनच तर ती फसली होती. तक्रार करायला कचेरीत जायचे म्हणजे आपणहून स्वतःला पकडून द्यायचे. लांगीकडे कायमचा परवाना होता. कचेरीच्या दारातून आत जाऊन बाहेर येऊ शकेल अशी ती एकटीच होती. ती बोलली नाही, तर प्रकरण तिथेच मिटणार होते. आणि मागच्या शनिवारी फेरेतीने पुन्हा टेबल मांडले होते. फळबागांत कामाला आलेली नवी पोरे त्याच्यासमोर रांगेत उभी होती.

"लांगी," सुलू म्हणाली, "आपले माताई तिकडे सवाईला. त्यांना मी काय फोन करू? ते म्हणतील, तिथं जे दिसतं ते बघा. आणि भावाच्या बाबतीत बहिणीचा शब्द मोठा. आईचासुद्धा तेवढा नाही. म्हणून तुला सांगतेय. म्हातारा गारठून मेला तर ते पाप आपल्या दारात येईल."

"एती गारठला तेव्हा कुणाच्या दारात गेलं ते?"

सुलूने कोकोचे पातेले पुन्हा गॅसवर ठेवले आणि ठेवणीतले पेले काढू लागली. पाहुण्यांचे.

लांगीने अडकलेला बूट पुन्हा पायात घातला आणि पुढचे दार उघडले.

दार उघडताच रांगांमधल्या माना आणखी खाली गेल्या. मागे चर्चची पांढरी गाडी उभी होती, तिच्या उघड्या दारातून डबाबंद मांसाची खोकी आणि आणखी गुंडाळलेल्या चटया दिसत होत्या. माफी झाल्यावर द्यायचा तो नजराणा होता. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. दुसऱ्या रांगेत, कोपऱ्याला, काळ्या कोटातला फेरेती बसला होता, आणि त्याच्या पुतणीने त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती.

शेजारचा वीलियामी कुंपणावर कोपरे टेकून उभा होता. तो शेजारच्या तोंगा बेटांवरचा होता आणि सामोअन लोकांची टिंगल करायची एकही संधी सोडत नसे.

"लांगी, आज सकाळी सकाळी प्रार्थनासभा काय? आम्हाला कुणी बोलावलं नाही."

"तुला बोलावलं असतं तर बाकीच्यांना खायला उरलं नसतं."

"तेही खरंच." मग त्याला चटई दिसली आणि आवाज उतरला. "अच्छा. तो हा का, कागदवाला? तुम्ही लोक भारीच सोशीक. आमच्याकडे आधी झोडतात, मग बसायला देतात."

"वीलियामी, तोंड आवर," सुलू दारातून म्हणाली.

"आवरलं, काकू."

फेरेती उठला. कोटाची बटणे लावली, रांगेतून वाट काढत पुढे आला आणि चटईच्या थोडा मागे गुडघ्यांवर बसला. पुतणी छत्री घेऊन मागोमाग आली.

"भगिनी लांगी," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी प्रार्थनेतला होता. "आम्ही देवापुढे आणि तुमच्या घरापुढे वाकलो आहोत. चुका झाल्या. कचेरीतल्या लोकांनी मलाही अंधारात ठेवलं. पण जे झालं त्याची लाज आमच्या घराण्याने अंगावर घेतलीय."

"कुणी घेतलीय?"

"घराण्याने."

"तुझ्या अंगावर तर कोट दिसतोय मला."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकले. फेरेतीने पापण्या खाली केल्या.

"रीत अशीच आहे, भगिनी. घराण्याचं ओझं माताई उचलतात."

"आणि पासपोर्ट? ते तू एकट्यानं उचललेस ना? तेव्हा नाही मागं लागलास त्यांच्या, या म्हणून ओझं घ्यायला?"

"रागात आहात तुम्ही. साहजिकच आहे." त्याच्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. त्याने वरूनच तो दाबून बंद केला. "आम्ही बसतो. तुमचा राग शांत होईपर्यंत बसतो."

"तू बस म्हणून मी कुठं सांगितलं? तू जा ना. त्यांना घेऊन जा."

तो नेणार नाही हे तिला माहीत होते. चटई एकदा अंगावर घेतली की ती समोरच्यानेच उचलायची असते. फेरेतीने उचलून काकांना नेले असते तर घराण्याला तोंड दाखवायला जागा उरली नसती. उचलायची की नाही, हा सगळा पेच त्याने अलगद लांगीच्या हातात आणून ठेवला होता. तिने उचलली, तर कचेरी संपली. नाही उचलली, तर आजारी म्हाताऱ्याला पावसात बसवणारी बाई म्हणून रविवारी तिच्या बाकावर कोणी बसणार नाही, आणि तिच्या आईच्याही नाही. शनिवारी पासपोर्टवर हात ठेवताना त्याने जसा विचार केला असेल, तसाच हाही नीट विचार करून केलेला होता. लांगीने हात काखेत दाबून धरले, कारण मोकळे राहिले असते तर त्यांनी काय केले असते याची तिला खात्री नव्हती.

फेरेती आपल्या जागी परत गेला. पुतणीने छत्री पुन्हा नीट धरली.

पावसाचे थेंब चटईवर पडत होते. आधी ते विणीवर मण्यांसारखे थांबत, मग एकदम आत झिरपत. जिथे झिरपले तिथे पात काळसर दिसे. खांद्यांवर असे दोन मोठे डाग झाले होते आणि हळूहळू एकमेकांकडे सरकत होते.

लांगी पायऱ्या उतरली. ओल्या गवतावर चटईसमोर उकिडवी बसली. मागे सुलूने श्वास रोखल्याचे तिला ऐकू आले. रांगांमध्येही हालचाल झाली. सगळ्यांना वाटले, आता उचलणार.

ती वाकली आणि फक्त खालच्याला ऐकू जाईल असे म्हणाली, "उएले माताई, तुमच्यावर माझा राग नाही. पण मी ही उचलणार नाही. तुम्हीच उठा. घरी जा."

वाफ थांबली. मग पुन्हा आली.

"कितीला बोलावलंय तुला?" चटईखालून आवाज आला. घोगरा, पण शांत.

"कुठं?"

"मी म्हातारा झालोय, पोरी. बहिरा नाही. कचेरीत."

"दहाला."

"मग अजून इथं काय करतेस?"

चटईची किनार किंचित हलली. खालचा हात गुडघ्यावरून सरकला असावा.

"नीट ऐक. पुन्हा बोलायला मला दम नाही," उएले म्हणाले. "तू उचललीस तर संपलं. उचलत नाही असं सगळ्यांदेखत म्हणालीस, तरी संपलं. मग तूच वाईट. पण चटई माझ्या अंगावर आहे तोवर काहीच संपलेलं नाही. ना माफी झाली, ना मोडली. तोवर तू कुठंही जा, कुणाशीही बोल. रीत मोडली असं तुला कोण म्हणेल? मी इथं बसलोय ना."

"पाऊस वाढतोय."

"ऐकू येतोय मला."

"तुमची छाती—"

"छाती माझी आहे." बराच वेळ फक्त श्वास ऐकू आले. "त्या पोरानं पासपोर्ट घेताना माझं नाव सांगितलं लोकांना. उएले माताईंचा शब्द आहे म्हणून. मला विचारलं नव्हतं. माझ्या कानावर आलं, तेव्हा मीही त्याला विचारलं नाही. घरातली गोष्ट, कशाला विचारायचं. असंच आपण सगळे बसलो, एकमेकांना न विचारता. जा आता. मी बसेन."

लांगीने हात पुढे केला. चटईला लावायला नाही. तिने फक्त ओल्या किनारीची दुमडलेली पिसे सरळ केली, त्यांच्या गुडघ्यांवर पाणी ओघळणार नाही अशी. मग ती उठली आणि घरात गेली.

सुलू पेल्यांचा ट्रे घेऊन दारातच उभी होती.

"काय म्हणाले ते? उचलत का नाहीस?"

लांगी कोट चढवत होती. "गरम कोको दे त्यांना. चटईच्या कडेनं आत सरकव, तोंड बघू नकोस. आणि छत्री धर त्यांच्यावर. आपली मोठी."

"आणि तू?"

"जाऊन येते."

"लांगी. लोक काय म्हणतील?"

"सांग, ती विचार करतेय."

सुलूने तिच्याकडे पाहिले, मग गवतावरच्या चटईकडे. ट्रे खाली ठेवला. आणि दारामागची मोठी छत्री काढून, ती अडकली होती तिथे दोनदा झटका देऊन, उघडली.

लांगी पायऱ्या उतरून कडेकडेने फाटकाकडे निघाली, तसा फेरेती अर्धवट उठला. या वेळी आवाजातली प्रार्थना थोडी विस्कटली होती.

"भगिनी, कुठं निघालात? तुमचं उत्तर... घराणं थांबलंय. माताई ओल्यात बसलेत."

लांगी त्याच्यासमोर थांबली. पुतणीच्या हातातली छत्री डगमगली.

"फाइल आत आहे, फेरेती," ती म्हणाली. "मध्येच विचारू नये. अपमान होतो."

रांगेतल्या एका बाईने चेहरा ओंजळीत घेतला. हसली की रडली ते लांगीला दिसले नाही. वीलियामी कुंपणापासून केव्हाच निघून गाडी सुरू करून बसला होता. त्याने आतून दार उघडून दिले, आणि शहरापर्यंत, त्याच्या स्वभावाला न शोभेलसा, एक शब्द बोलला नाही.

कचेरीतली खोली लहान होती आणि फार गरम. टेबलापलीकडे पन्नाशीची अधिकारी बाई बसली होती, बाजूला दुभाषी म्हणून आलेली एक सामोअन मुलगी. लांगीला कामापुरते इंग्रजी येत होते, पण रागात असली की ते तिला सोडून जाई, म्हणून तिने दुभाषी मागितली होती. कोटाच्या बाह्यांतून पाणी टेबलावर गळत होते. तिने हात मांडीवर घेतले.

"सुरुवात करण्याआधी एक सांगायचंय," मुलीने अधिकारी बाईचे म्हणणे तिला सांगितले. "फेरेतीच्या वकिलांचा फोन आला होता. तुमच्या दोन घराण्यांत रिवाजाप्रमाणे माफी झाली, आणि तुम्हाला आता काही सांगायचं नाही, असं त्यांनी कळवलंय. तुम्ही आलात म्हणून या चकित झाल्यात."

"फोन कधी आला?"

मुलीने विचारले. अधिकारी बाईने समोरचा कागद पाहिला.

"काल दुपारी."

टेबलाच्या कडेचा पत्रा एका ठिकाणी सुटला होता. लांगीने तो अंगठ्याने दाबला. सोडल्यावर तो पुन्हा वर आला.

"ते आज पहाटे आले," ती म्हणाली.

मुलीने हे इंग्रजीत सांगायला तोंड उघडले आणि सांगितले नाही. ती लांगीकडे वळली, आणि आता ती दुभाषी नव्हती.

"इफोंगा? घरी?"

"हो."

"मग... उचलली चटई?"

"नाही."

"खाली कोण आहे?"

"उएले माताई."

मुलीची नजर खिडकीकडे गेली. काचेवरून पाणी एकसारखे वाहत होते, पलीकडचा रस्ता दिसतही नव्हता.

"अजून बसलेत?"

"अजून."

अधिकारी बाई एकीकडून दुसरीकडे पाहत होती. काय चाललंय, असे तिने विचारले. मुलीने एकाच वाक्यात उत्तर दिले. ते लांगीलाही समजले. माफी झालेली नाही. अधिकारी बाईने समोरचा कागद उलटा करून बाजूला सारला आणि ध्वनिमुद्रकाचे बटण दाबले. छोटा लाल दिवा लागला.

"हवं तर आज थोडक्यात सांगा," मुलगी हळू आवाजात, स्वतःहूनच म्हणाली. "बाकीचं मग पुन्हा कधीतरी. इतक्या पावसात ते..."

"नाही," लांगी म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली. "ते बसेन म्हणालेत. बाईंना म्हणावं, सावकाश लिहा."